दहा वॅटची टॉकीज

टीव्हीखालच्या कप्प्यात माझा एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्याला पंखा नाही, म्हणून आवाज नाही. कीबोर्ड नाही, डीव्हीडीचा ट्रे नाही. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सवर सिनेमे लावायचा कोडी हा प्रोग्राम, आणि मागे लोंबणारी एक हार्डडिस्क. घरात सगळे त्याला ‘डबा’ म्हणतात. डबा साधारण दहा वॅट वीज खातो. दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला सातेक युनिटं. जुना टॉवर शंभर वॅटने असाच चालू ठेवला असता, तर बहात्तर झाली असती. बिलाचा मुद्दा आहेच. पण लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरवर काय चालवायचं आणि काय बंद ठेवायचं याचा हिशोब ज्यांनी घातलाय, त्यांना दहा वॅटचं अप्रूप वेगळं सांगायला नको. शिवाय रात्री अकरा वाजता पडद्यावर दोन माणसं कुजबुजत बोलत असताना कॉम्प्युटरचा पंखा घुर्र करून सुटला, की सिनेमा तिथेच संपतो.

असल्या अशक्त डब्यावर १०८० रेषांचं चित्र न अडखळता चालवायचं, हा माझा जुना नाद. नादच म्हणायचा, कारण एचडीएमआयमध्ये खुपसायच्या तयार काड्या केव्हाच बाजारात आल्यात, आणि ज्यांना फक्त सिनेमा बघायचाय त्यांनी खुशाल तीच घ्यावी.

एका फ्रेमचा, म्हणजे एका स्थिर चित्राचा, हिशोब मात्र एकदा मांडून बघण्यासारखा आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. डोळ्याला रंगातला बारकावा उजेडाइतका कळत नाही, म्हणून रंगाची माहिती छाटून ठेवतात. तरी ठिपक्यामागे सरासरी दीड बाइट लागतो. एक फ्रेम झाली ३१ लाख बाइटांची. आपल्याकडच्या टीव्हीच्या रीतीने सेकंदाला अशा २५. म्हणजे दर सेकंदाला पावणेआठ कोटी बाइट पडद्याकडे गेले पाहिजेत. आणि डिस्कवरून येतात किती? लग्नाचं शूटिंग ज्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांवर व्हायचं, त्यांची मूळची मर्यादा सेकंदाला २४ मेगाबिट, म्हणजे ३० लाख बाइट. उरलेलं सगळं डब्याने त्याच सेकंदात तयार करायचं.

व्हिडिओ दाबून लहान करायची एच.२६४ ही पद्धत २००३ सालची. ती चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते. १०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून आत खरं तर १०८८ रेषा साठवलेल्या असतात आणि दाखवताना आठ कापून टाकतात. फुल एचडी म्हणून मिरवणाऱ्या फाइलच्या पोटात या आठ रेषा गुपचूप बसलेल्या असतात, याची मला उगाचच मजा वाटते. तर, एका फ्रेममध्ये असे ८,१६० चौकोन. बहुतेक चौकोनांबद्दल फाइलमध्ये एवढंच लिहिलेलं असतं, की मागच्या (किंवा पुढच्या) फ्रेममधला अमुक तुकडा उचल, इतका सरकव, एवढा फरक मिळव. स्टेजवर कोणी भाषण ठोकत असेल तर ही युक्ती फार झकास चालते, कारण मागचा पडदा जागचा हलत नाही.

युक्ती कोसळते ती अक्षतांना. मामेबहिणीच्या लग्नाचं एचडी रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. ‘शुभमंगल सावधान’ झालं, की चारी बाजूंनी अक्षता येतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा निराळी, आणि मागच्या फ्रेममधून उचलावं असं जवळपास काहीच नाही. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश, म्हणजे एका फ्रेमपुरतं सगळं मंगल कार्यालय पांढरंफटक. त्या दोन-तीन सेकंदांत फाइलचा प्रवाह पार मर्यादेला जाऊन टेकतो. वर या प्रवाहावर कॅबॅक नावाचा एक घट्ट पीळ दिलेला असतो. त्यात पुढचा बिट कसा वाचायचा हे आधीचे बिट वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे एकाच फ्रेमचं हे काम प्रोसेसरच्या चार कोअरना सहजी वाटून देता येत नाही. एक राबतो आणि बाकीचे बघत बसतात. डबा अडखळायचा तो नेमका अक्षतांना, हा योगायोग नव्हता. लग्नाची व्हिडिओ ज्यांनी अशक्त लॅपटॉपवर बघितली असतील, त्यांना मुहूर्तावरच चित्र थिजल्याचं आठवत असेल.

हे दुखणं पहिल्यांदा ठसठशीत झालं ते २००८ साली इंटेलची कमी विजेची प्रोसेसर चिप अ‍ॅटम आली तेव्हा. अ‍ॅटम २३० ही चार वॅटची चिप. सुरुवातीच्या काही बोर्डांवर एक विनोदी दृश्य दिसायचं: अ‍ॅटमच्या डोक्यावर नुसता अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक, आणि पंखा मात्र शेजारच्या चिपसेटवर (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपवर), कारण प्रोसेसरपेक्षा तोच जास्त तापायचा. त्या चिपसेटच्या ग्राफिक्सला एच.२६४ उलगडता यायचं नाही, त्यामुळे सगळा बोजा अ‍ॅटमवर. ७२० रेषांपर्यंत कशीबशी गाडी रेटायची, १०८० ला मान टाकायची. मग एन्व्हिडियाचं आयन आलं, म्हणजे तीच अ‍ॅटम, पण शेजारी ९४००एम ग्राफिक्स. त्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठीच बनवलेला एक वेगळा भाग होता, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये लिनक्सवरून त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ताही खुला झाला. त्याचं नाव व्हीडीपीएयू. एसरचा अ‍ॅस्पायर रेव्हो २००९ मध्ये आला, त्यावर लोकांनी लिनक्स आणि एक्सबीएमसी चढवलं (मूळ एक्सबॉक्ससाठी लिहिलेला हा प्रोग्राम, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं), आणि ज्या प्रोसेसरला १०८० ने घाम फोडला होता तोच आता निवांत बसायला लागला. ज्यांच्याकडे आयन नव्हतं त्यांच्यासाठी ब्रॉडकॉमचं क्रिस्टल एचडी नावाचं छोटं कार्ड निघालं. लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड बसतं तसल्या खाचेत ते बसायचं आणि फक्त व्हिडिओ उलगडायचं, दुसरं काही नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर आला. ३५ डॉलर, ७०० मेगाहर्ट्झ, अ‍ॅटमपेक्षाही दुबळा, आणि तरी १०८० चं एच.२६४ बिनघोर चालवणारा, कारण त्याच्या चिपमध्ये ते काम करणारा वेगळा भाग होता. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. डीव्हीडीचं एमपेग-२ उलगडायची ताकद त्याच्या चिपमध्ये होती, पण परवान्याचे पैसे पायच्या किमतीत धरलेले नव्हते. ज्याला हवं त्याने २ पौंड ४० पेन्स भरायचे. आपल्या बोर्डाच्या सीरियल नंबरला जुळणारी किल्ली मिळायची, ती एका फाइलमध्ये लिहायची, की कुलूप उघडलं. आणि त्याच घराण्यातल्या २०२३ च्या पाय-५ मध्ये एच.२६४ उलगडणारा भाग चक्क काढून टाकला आहे. प्रोसेसरच आता एवढा दमदार झाला की त्याची गरज उरली नाही, असा हिशोब.

आजच्या लिनक्सवर इंटेल आणि एएमडीच्या चिपांमधल्या या उलगडणाऱ्या भागापर्यंत पोचायला व्हीए-एपीआय हा रस्ता आहे. रस्ता चांगला आहे, पण त्यावर दोन-तीन फाटकं आहेत आणि बंद फाटकावर पाटी नसते. इंटेलच्या जुन्या चिपांना एक ड्रायव्हर लागतो, नव्यांना दुसरा. फेडोरासारखी वितरणं, म्हणजे लिनक्सचे तयार संच, पेटंटच्या भीतीने एएमडीच्या ग्राफिक्ससाठीचा एच.२६४ चा भाग मूळ पॅकेजमधून वगळतात. तो बाहेरच्या भांडारातून आणावा लागतो. आणि सगळ्यात किरकोळ, पण सगळ्यात छळणारं फाटक म्हणजे परवानगी. ग्राफिक्सचं दार ज्या फाइलमागे असतं ती उघडायला बऱ्याच ठिकाणी आपला यूजर ‘रेंडर’ नावाच्या गटात असावा लागतो. नसेल तर एरर येत नाही. प्लेअर निमूटपणे सगळं काम प्रोसेसरवर घेतो, चित्र चालतं, डबा गरम होतो, अक्षतांना अडकतो, आणि माणूस नवीन मशीन घ्यायच्या गोष्टी बोलायला लागतो. एमपीव्ही प्लेअर चालू असताना ‘आय’ हे बटण दाबलं की पडद्याच्या कोपऱ्यात सगळं छापून येतं: उलगडणं हार्डवेअरवर चाललंय की नाही, किती फ्रेम गळल्या, पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतोय. खर्च करायच्या आधी ते एक बटण दाबावं एवढंच माझं सांगणं असतं. फार कमी लोक दाबतात.

याच ओघात इंटेलच्या बे ट्रेलची कथा सांगायलाच हवी. २०१३ च्या या पिढीच्या कमी वॅटच्या चिपा बिनपंख्याच्या डब्यांसाठी अगदी सोयीच्या होत्या, पण लिनक्सवर त्या अधूनमधून ठार गोठायच्या. लोकांच्या लक्षात आलं की जास्त काम दिलं तर त्या टिकतात, आणि हार्डवेअरवर सिनेमा लावला की जातात! सिनेमा उलगडायचं काम दुसऱ्या भागाकडे गेल्यामुळे प्रोसेसर मोकळा व्हायचा, दोन फ्रेमांच्या मध्ये वीज वाचवायला गाढ झोपायचा, आणि एखाद्या वेळी त्या झोपेतून उठायचाच नाही. यावर उपाय म्हणून बूट होताना कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक ओळ द्यायची, की फार खोल झोपू देऊ नकोस. मग थोडी वीज जास्त जायची, पण मशीन जागं राहायचं. हा दोष वर्षानुवर्षं चघळला गेला.

इथवर सगळं ताकदीचं आणि वाटणीचं झालं. मला वाटत होतं की फ्रेमा गळायच्या थांबल्या म्हणजे काम फत्ते. मग मामा राहायला आले.

मामा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. प्रोजेक्टरवाले. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचा, त्या काळापासूनचे. त्यांच्यासाठी एक जुना सिनेमा लावला होता; कॅमेरा उसाच्या शेतावरून हळूहळू डावीकडून उजवीकडे जातो, असं दृश्य. मामा थोडं पुढे वाकले.

“अरे, हे लंगडतंय.”

मी बटण दाबून आकडे दाखवले. “मामा, एकही फ्रेम पडलेली नाही. बघा, शून्य.”

“पडली नसेल. पण लंगडतंय. तो विजेचा खांब बघ की, ठेचकाळत चाललाय.”

मी खांब बघितला, आणि त्यानंतर मला तो खांब न ठेचकाळता कधी दिसेना. आम्ही ती फ्रेम मागे-पुढे करत बसलो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमांचा. टीव्ही मात्र डब्याकडून सेकंदाला ६० वेळा चित्र घेत होता. ६० ला २४ ने भागलं तर अडीच येतात, आणि अर्धी वेळ कुठली फ्रेम दाखवणार? मग एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा, परत दोनदा. खांब एका जागी जास्त थांबतो, दुसऱ्या जागी कमी. आपल्या टीव्हीच्या २५ फ्रेमांच्या चित्रांचं तर आणखी विचित्र होतं: दोन, तीन, दोन, तीन, दोन, अशी बारा ठोक्यांत पाच फ्रेमांची कसरत. फ्रेम एकही गळत नाही, प्रोसेसर रिकामा, आणि तरी डोळ्याला सुख नाही.

मामांनी मला प्रोजेक्टर समजावला तो त्या संध्याकाळी, चहाच्या बशीवर बोट फिरवत. फिल्म सतत सरकत नाही. एक दातेरी चाक तिला चार भोकं खाली ओढतं, मग ती गेटमध्ये क्षणभर स्थिर उभी राहते, परत ओढली जाते. त्या चाकाला गती देणारा सुटा भाग क्रॉसच्या आकाराचा असतो, त्याला ते ‘माल्टीज क्रॉस’च म्हणत. ओढताना पडदा अंधारा करायला समोर शटर फिरतं. त्याला दोन पाती असतात, त्यामुळे उभी असलेली प्रत्येक फ्रेमही मध्ये एकदा झाकून दोनदा दाखवली जाते. सेकंदाला २४ फ्रेमा, ४८ झगमगाट, आणि प्रत्येक फ्रेमला अगदी सारखी वेळ. गेटच्या वर फिल्मचा एक सैल लूप सोडायचा, नाहीतर झटका थेट रिळापर्यंत जातो. लूप गेला की चित्र पडद्यावर नाचायला लागतं आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. “आमच्या मशीनला डोकं नव्हतं,” मामा म्हणाले, “पण ठोका चुकायचं नाही.”

माझ्या डब्याला सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी येतात, आणि पडदा दर ठोक्याला काय मागतोय हे त्याला कोणी विचारायला सांगितलं नव्हतं. कोडीत त्यासाठी एक सेटिंग असतं: चित्राच्या गतीप्रमाणे पडद्याची गती बदल. मुळात ते बंद असतं. चालू केलं की सिनेमा सुरू होताना टीव्ही एक-दोन सेकंद काळा होतो, आणि २४ ला नाहीतर ५० ला जाऊन बसतो. २५ फ्रेमांना ५० म्हणजे प्रत्येकी बरोब्बर दोन ठोके. खांब सरळ चालायला लागला. मामांनी मान डोलावली आणि खांबाचा विषय सोडून सिनेमातल्या नटीचा काढला.

२४ वर तरी सगळं संपावं ना? अमेरिकेने १९५३ मध्ये काळ्या-पांढऱ्या टीव्हीत रंग बसवताना गती हजारात एकाने कमी केली, तेव्हापासून तिकडच्या डिस्कवरचे बहुतेक सिनेमे २४ नव्हे, २३.९७६ ने चालतात. पडदा मात्र नेमका २४ वर धावत असेल तर दर ४१-४२ सेकंदांनी एक फ्रेम कमी पडते आणि आधीचीच परत दाखवावी लागते. २०११ च्या आसपासच्या इंटेलच्या ग्राफिक्सबद्दल हौशी लोकांची हीच ओरड होती. एमपीव्हीत याच्यावर उलटा उपाय आहे: पडद्याच्या ठोक्याला प्रमाण मानायचं आणि आवाज हजारात एकाने ताणायचा किंवा दाबायचा. कानाला पत्ता लागत नाही. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो, कारण डोळा लबाडी पकडतो आणि कान तेवढ्याला माफ करतो.

मग मामांना लेकीचं लग्न बघायचं होतं. ते रेकॉर्डिंग एव्हीसीएचडीचं, सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं: आधी एकाआड एक रेषा, मग सेकंदाच्या ५० व्या भागाने उरलेल्या. दोन्ही अर्धे एकत्र विणून स्थिर फ्रेम केली तर अंतरपाट बाजूला होताना त्याच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात, कारण त्या एवढ्याशा वेळात कापड पुढे गेलेलं असतं. दाते घालवायचे दोन मार्ग. अर्धे मिसळून २५ फ्रेमा करायच्या, म्हणजे हालचालीचे टप्पे अर्धे होतात. नाहीतर प्रत्येक अर्ध्यातून एक पूर्ण चित्र तयार करून ५० दाखवायची. दुसरं काम प्रोसेसरवर टाकलं तर डबा परत धापा टाकतो. ग्राफिक्समध्ये त्याचीही सोय असते, जिथे हालचाल आहे तिथेच रेषा नव्याने भरणारी, आणि ती वापरावी. जुन्या डीव्ही कॅसेटी असतील तर आणखी एक काटा: त्यांत जोडीतल्या खालच्या रेषांचा अर्धा आधी येतो, एचडीत वरच्या रेषांचा. कॅसेटवरून उतरवताना स्टुडिओवाल्याने क्रम उलटा लावला असेल तर माणसं चालताना दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे टाकतात. वरातीत ते खपून जातं, बाकी कुठे नाही.

५० ने लागलेलं लग्न मामांनी अक्षतांपर्यंत बघितलं. डबा अडला नाही. मामांना सिनेमापेक्षा हे वेगळं दिसतंय हेही लगेच कळलं, आणि लग्नाला ते शोभतं असं त्यांचं मत पडलं.

ब्राउझरमधल्या व्हिडिओचं प्रकरण लवकर उरकतो. लिनक्सवरच्या ब्राउझरांनी हार्डवेअरकडे बरीच वर्षं पाठ फिरवली होती. फायरफॉक्सने जुलै २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीत, इंटेलच्या ग्राफिक्सवर ते आपोआप चालू केलं. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या एच.२६४ नंतरच्या पद्धतींत व्हिडिओ पाठवतं. चिप जुनी असेल तर तिला ती भाषा येत नाही आणि सगळं परत प्रोसेसरवर येतं. त्याला एच.२६४ च पाठव म्हणून सांगणारं छोटं एक्स्टेंशन मिळतं. इंटेलच्या अलीकडच्या सहा वॅटच्या एन१०० सारख्या चिपांना एव्ही१ ही येतं, तेव्हा नवीन डबा घेणाऱ्याने ही भानगड विसरावी. पैसे भरून बघायच्या सेवा मात्र निराळ्या. साध्या लिनक्स डेस्कटॉपला त्यांच्या नक्कल रोखणाऱ्या कुलपाची खालचीच पायरी मिळते, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच पूर्ण एचडी देतच नाहीत. इथे ड्रायव्हर, गट, ठोका यांपैकी काही कामाला येत नाही. माझ्या घरी त्या टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर बघितल्या जातात.

आणि तिथेच सध्या भांडण आहे. नव्या टीव्हीत एक सोय असते: दोन फ्रेमांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी फ्रेमा रचून हालचाल लोण्यासारखी करायची. दुकानात क्रिकेट लावून तीच दाखवतात. मुलाला ती आवडते. मामांनी त्यावर सिनेमाची दहा मिनिटं सोसली आणि म्हणाले, “हा पिक्चर नाही. मी शूटिंग बघायला उभा आहे असं वाटतंय.” डबा ज्या एचडीएमआयला जोडलाय त्याला टीव्हीच्या मेनूत मी ‘पीसी’ असं नाव दिलं. त्याने आमच्या टीव्हीवर त्या वाटेची ही सगळी कारागिरी बंद पडते, आणि आवाज ओठांच्या मागे रेंगाळायचा तोही जागेवर येतो. टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपना ते लागू होत नाही. तिथे मुलगा चालू करतो, मामा आले की मी बंद करतो.